सहा गळे आणि जुना नाताळ : यॉर्कमधल्या तालमींच्या नोंदी

चार-सहा जणांनी मिळून, वाद्यांशिवाय, मध्ययुगीन नाताळची गाणी बसवायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी या नोंदी. आम्ही यॉर्कमधले हौशी सहा जण. उंच आवाजाच्या दोघी (एक नर्स, एक ग्रंथपाल), त्यांच्याखाली मी, दोन टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज (भूगोलाचे शिक्षक आणि एक पीएचडीचा विद्यार्थी) आणि खर्जाला एक निवृत्त सुतार. मी पुण्यात हिंदुस्थानी गायन शिकले, स्टाफ नोटेशन वाचते पण सावकाश. तालीम दर मंगळवारी दोन तास, कार्यक्रम १३ डिसेंबरला शहराबाहेरच्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये.

९ सप्टेंबर

आज फक्त यादी. नियम ठरवला : १५०० च्या आधी लिहून ठेवलेलं असेल तेच घ्यायचं. नियम ठरताच अर्धी यादी गळाली. 'गाउदेते' आणि 'पेर्सोनेंत होदिए' ही दोन्ही गाणी १५८२ साली छापलेल्या 'पिए कांतिओनेस' या संग्रहातली. मुळं जुनी असतील, पण हातात येतं ते सोळाव्या शतकाचं रूप. 'कॉव्हेंट्री कॅरोल'चे शब्द १५३४ चे, सुरावट १५९१ ची, आणि मूळ हस्तलिखित १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला लागलेल्या आगीत गेलं. 'ओ कम, ओ कम, इमॅन्युएल'ची चाल मात्र खरोखर पंधराव्या शतकातल्या एका फ्रेंच हस्तलिखितात १९६६ मध्ये सापडली, पण तिथे ती अंत्ययात्रेत म्हणायच्या शब्दांवर आहे. लोकांना जे 'अगदी मध्ययुगीन' वाटतं, त्यातलं बरंचसं असं निघतं.

नर्सचं म्हणणं, लोक 'गाउदेते'साठीच येतात. तडजोड : कार्यक्रम संपल्यावर आग्रह झालाच तर ते म्हणायचं. पत्रकावर नाव नाही.

राहिलं ते असं. 'पुएर नातुस एस्त', म्हणजे नाताळच्या दिवसाच्या मिसेची सुरुवात, एकस्वरी. 'आंजेलुस आद विर्जिनेम', जे चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरच्या गोष्टीतला विद्यार्थी रात्री आपल्या खोलीत तंतुवाद्यावर म्हणतो. 'एदी बेओ थू', तेराव्या शतकातलं दोन आवाजांचं इंग्रजी गाणं, ग्लॉस्टरजवळच्या लँथनी मठाच्या पोथीतलं. 'अ‍ॅज आय ले ऑन यूल्स नाइट', ज्याचे शब्द जॉन ऑफ ग्रिमस्टन या फ्रान्सिस्कन साधूच्या १३७२ च्या वहीत आहेत. आणि मुख्य भाग पंधराव्या शतकातल्या इंग्रजी कॅरोलांचा, म्हणजे ध्रुवपद आणि कडवी असलेल्या गाण्यांचा : केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या चर्मपत्राच्या गुंडाळीतली चार, ऑक्सफर्डच्या सेल्डन हस्तलिखितातली दोन.

१६ सप्टेंबर

स्वरलिपी कुठून आणायची? ट्रिनिटीच्या गुंडाळीची छायाचित्रं कॉलेजच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. सुमारे दोन मीटर लांबीच्या त्या पट्टीवर तेरा कॅरोल आहेत. ती लिहिली गेली १४१५ नंतर, हे नक्की सांगता येतं, कारण त्या वर्षी इंग्रजांनी फ्रान्समध्ये जिंकलेल्या अझिनकूरच्या लढाईचं गाणं त्यात आहे. आजच्या नोटेशनमधली छापील आवृत्ती जॉन स्टीव्हन्स यांची, १९५२ ची. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून पाहिली. तिच्या झेरॉक्स काढून वाटणं बेकायदा, म्हणून छायाचित्रं समोर ठेवून म्यूझस्कोरमध्ये आपणच टंकायचं ठरलं. प्रोग्राम फुकट आहे, वेळ मात्र पुष्कळ खातो.

विद्यार्थ्याने हौसेने आठवड्यात सगळं टंकून आणलं, आणि आज पहिल्यांदा गायलो तेव्हा सगळं लष्करी कवायतीसारखं वाजलं. कारण सापडायला तास गेला. आजच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक मात्रागटानंतर बारची उभी रेघ होती, आणि पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेला गायक रेघेनंतरच्या स्वरावर नकळत जोर देतो. मूळ लिखाणात या रेघा नाहीतच. शब्दाचा आघात जिथे पडतो तिथे वजन, बाकी वाहतं. सगळं पुन्हा टंकावं लागणार. या वेळी रेघा काढून ओळींच्या मधे फक्त छोट्या खुणा.

२३ सप्टेंबर

आज झगडा स्वरांचा. हॉलमधल्या इलेक्ट्रिक कीबोर्डवर स्वर देऊन सुरू करायचो, आणि दोन ओळींनंतर पंचम गढूळ. कीबोर्डवरचा गंधार सा पासून ४०० सेंट्सवर बसवलेला असतो (पूर्ण सप्तकाचे १२०० भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट). नैसर्गिक गोड गंधार ३८६ वर. आणि मध्ययुगातल्या पायथागोरसी हिशेबाने, म्हणजे पंचमावर पंचम रचत गेलं तर, गंधार ४०८ वर जातो. कीबोर्डचा स्वर या दोघांच्या अधेमधे. त्याच्याशी जुळवून घेणारा गळा कुठेच नीट बसत नाही.

मी फोनवर तानपुरा लावला. सा-प. दहा मिनिटांत पंचम स्थिर झाले, सुतार तर म्हणाले हे आधी का नाही काढलंस. मग गंमत अशी झाली की तिसऱ्या अंतराचे (सा-ग सारख्या जोडीतले) स्वरही आपोआप गोड होऊन खाली बसले, कारण तानपुऱ्याच्या तारेतूनच तो गंधार ऐकू येत असतो. हे ऐतिहासिक दृष्ट्या चालेल का, यावर भूगोल सर अडले. इंग्रजी गाण्यांपुरतं चालेल, कारण ईव्हशॅमच्या मठातले वॉल्टर ऑडिंग्टन १३०० च्या सुमारास लिहून गेलेत की तिसऱ्या अंतराचे स्वर गणितात जुळत नसले तरी गळे त्यांना गोडव्याकडे नेतात. 'एदी बेओ थू'मध्ये तर दोन आवाज बहुतेक वेळ तिसऱ्या अंतरावरच, एकमेकांना ओलांडत चालतात. तिथे ताठ, चढा गंधार घेतला तर गाणं आंबतं.

कीबोर्ड आजपासून बंद. सुरुवातीचा स्वर ट्यूनिंग फोर्कवरून (८ पौंड). मूळ लिखाणात ठरलेली पट्टी नसतेच, फक्त स्वरांची एकमेकांतली जागा असते. त्यामुळे छापील आवृत्तीत दिसते ती पट्टी आपल्या गळ्यांना उंच वाटली तर खुशाल उतरवा. आम्ही बहुतेक सगळं दीड-दोन स्वर खाली आणलं.

३० सप्टेंबर

गुंडाळीतलं 'नोवेल सिंग वी' मेल्यासारखं होत होतं. सगळ्यांच्या डोक्यात मेणबत्त्या, बर्फ, पवित्र शांतता. त्यामुळे लय दर कडव्याला आणखी मंद. कॅरोल म्हणजे मुळात फेराचं गाणं : एकाने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी फिरत ध्रुवपद उचलायचं. पंधराव्या शतकातल्या या बहुस्वरी रचना कुणी नाचत म्हणत असतील असं मला वाटत नाही, पण बांधणी तीच राहिली आहे. सुरुवातीला ध्रुवपद, मग प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा ध्रुवपद.

शनिवारी लीड्सला भोंडल्याला गेले होते. तेच डोक्यात होतं. आज खुर्च्या बाजूला सारून सगळ्यांना हात धरायला लावले आणि फेर धरला. मधे हत्तीच्या जागी सुतारांची पिशवी. कडवं म्हणणारे चालता चालता गातात, ध्रुवपदाला सगळे. पाय चुकला की लय लगेच कळते, कुणाला सांगावं लागत नाही. भूगोल सर आधी लाजले, तिसऱ्या कडव्याला तेच सगळ्यांना ओढत होते. मंद लय एका संध्याकाळीत गेली ती पुन्हा आली नाही.

एक अडचण मात्र फेराने वाढवली. या कॅरोलांत सहा मात्रांची विभागणी मधेच बदलते : तीन-तीन चालू असताना एका ओळीत दोन-दोन-दोन होतात. पाय तीनवर पडत असतील तर शब्द अडखळतात. उपाय दादऱ्याचा, म्हणजे आपल्या सहा मात्रांच्या तालाचा. हाताने 'धा धी ना, धा ती ना' धरायचं आणि तोंडाने त्यावर दोन-दोनचे शब्द टाकायचे. तबला कधी न ऐकलेल्या पाच जणांना हे बोल शिकवायला वेळ गेला, पण आता वाट लागते त्या ओळीला विद्यार्थी स्वतःशीच 'धा धी ना' पुटपुटतो.

७ ऑक्टोबर

मध्ययुगीन फ्रेंच रचनाकार पेरोतँच्या 'विदेरुंत ओम्नेस'चा नाद आज सोडला. यादीत नव्हतं, पण भूगोल सरांचा हट्ट होता. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलसाठीची चार आवाजांची ही रचना. बिशप यूद द स्युली यांनी ११९८ साली नाताळच्या सुमाराच्या सणांत तीन-चार आवाजांच्या गायनाला मुभा देणारा आदेश काढला, त्याच्याशी तिचा संबंध जोडतात. ऐकायला विलक्षण. एकेका अक्षरावर खालचा आवाज मिनिटभराहून जास्त एकच स्वर धरून बसतो आणि वर तीन आवाज एकमेकांत गुंततात.

आमचं का फसलं ते लिहून ठेवते. वरचे तिन्ही आवाज एकाच टापूत फिरतात, कुणी वर-खाली नाही. त्यासाठी एका जातीचे तीन गळे हवेत. आमच्याकडे प्रत्येक गळा वेगळ्या उंचीचा, त्यामुळे एक कायम ताणलेला आणि एक कायम पुटपुटणारा. धरलेला स्वर एकट्या सुतारांना झेपेना. तिथे दोन-तीन जण हवेत, म्हणजे आळीपाळीने श्वास घेता येतो. पूर्ण रचना दहा-बारा मिनिटांची. सहा जणांनी हिच्या वाटेला जाऊ नये. दोन आठवड्यांची तालीम यात गेली, आणि 'आउट ऑफ युअर स्लीप' हे सेल्डनमधलं कॅरोल तेवढंच मागे राहिलं.

२१ ऑक्टोबर

'पुएर नातुस एस्त'. यात सगळे एकाच ओळीवर, म्हणून सोपं वाटतं आणि म्हणूनच उघडं पडतं. सुरुवात सा वरून थेट प वर. स्वर पाहिले तर खमाज थाटाचे : गंधार शुद्ध, निषाद कोमल. मला घरी आल्यासारखं झालं आणि तिथेच घोळ झाला. माझा गळा सा वरून प वर जाताना मींड घेतो, म्हणजे मधल्या स्वरांवरून घसरत जातो. सहा जणांत एकाने मींड घेतली की बाकीचे पाच बेसूर वाटतात. कोमल नि ला मी किंचित हेलकावा देत होते, तोही इथे ओरखड्यासारखा ऐकू येतो.

हे जायला वेळ लागला. उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा : शब्द आधी नुसते बोलायचे, एका श्वासात, अर्थासकट, आणि मग तेच बोलणं स्वरांवर ठेवायचं. अक्षर बदललं की स्वर बदलतो, मधे काही नाही. हिंदुस्थानी शिकलेल्या कुणी हे करायला घेतलं तर पहिला महिना इथेच जाणार, हे धरून चाला. उलट फायदाही आहे. माझा भाग मी सरगममध्ये लिहून घेते. ग्विदो दारेत्सो या इटालियन साधूने अकराव्या शतकात उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावं दिली तीही चल होती, एकाच जागेला बांधलेली नव्हती. त्यामुळे सा कुठेही मानायची माझी सवय या संगीताला चपखल बसते. बाकीच्यांना पट्टी बदलली की पानावरचे स्वर दिसतात ते एक आणि गायचे दुसरे, मला फक्त सा बदलायचा असतो.

४ नोव्हेंबर

उच्चार. सहा तोंडांत तीन लॅटिन. नर्स लहानपणापासून कॅथलिक चर्चच्या गायनात होती, तिचं लॅटिन इटालियन वळणाचं : 'एक्शेल्सिस', 'येझू'. सरांचं शाळेत शिकलेलं, सीझरच्या काळचं : 'एक्स्केल्सिस'. मध्ययुगीन इंग्लंडात लॅटिन फ्रेंच वळणाने बोलत : 'एक्सेल्सिस', 'जेसू', 'देओ ग्रासिआस'. शेवटचं घेतलं. बदलायला नर्सला सगळ्यात जड गेलं. तीस वर्षांची सवय आहे, साहजिक आहे.

इंग्रजीचं दुखणं त्याहून मोठं. या गाण्यांचे स्वरोच्चार आजच्या इंग्रजीचे नाहीत, इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले ते पुढे. 'देअर इज नो रोझ'च्या एका कडव्यात 'वॉज' आणि 'स्पेस' यमकात आहेत. आज म्हटलं तर यमक मोडतं, 'वास' आणि 'स्पास' म्हटलं की जुळतं. आमचे इंग्रज पाच जण 'ए' म्हणताना 'एइ' आणि 'ओ' म्हणताना 'ओउ' करतात. प्रत्येक लांब स्वराला शेवटी शेपूट. पाच आवाजांची शेपटं वेगवेगळ्या वेळी हलली की स्वर डळमळल्यासारखा वाटतो, मग आपण उगाच कानाला दोष देतो. मराठी माणसाला इथे काही करावंच लागत नाही, आपला 'ए' आणि 'ओ' सरळच असतो. मी सगळे शब्द देवनागरीत लिहून मोठ्याने वाचले, फोनवर मुद्रित करून पाठवले. नर्स ते रात्रपाळीला जाताना गाडीत ऐकते.

११ नोव्हेंबर

आज भांडण. ओळीच्या शेवटी कोणता स्वर चढवायचा ते लिखाणात बरेचदा दाखवलेलंच नसतं, गायकाने आपलं ओळखून चढवायचं. नियम ढोबळ आहे : दोन आवाज सहाव्या अंतरावरून फाकून वरच्या षड्जावर जात असतील तर ते सहावं अंतर मोठं हवं, म्हणजे वरचा आवाज षड्जाच्या अगदी जवळून यायला हवा. तीन आवाज असले की मधलाही तसाच चढतो. आमच्या भाषेत सांगायचं तर खालचा रे वरून सा वर, मधला तीव्र म वरून प वर, वरचा शुद्ध नि वरून सा वर, तिघे एकदम. आजच्या कानाला हे तिखट लागतं. विद्यार्थ्याने सगळीकडे चढवून टंकलं होतं, ग्रंथपालांना मधला चढवणं सहन होईना.

दोन्ही तऱ्हेने मुद्रित करून ऐकलं. कडव्याच्या मधल्या ओळीत फक्त वरचा चढवायचा, ध्रुवपदाच्या शेवटी दोन्ही. तिथे ती धार हवीच, नाहीतर ध्रुवपद संपल्यासारखं वाटत नाही. तीव्र म मी पंचमाला चिकटवून चढा घेते आणि बाकीच्यांनाही तसंच सांगितलं. शेवटच्या दोन स्वरांपुरतं तानपुऱ्याचं गोड जग बाजूला ठेवायचं. या जागांची तालीम तानपुरा बंद करून.

दुसरा वाद अझिनकूरच्या गाण्याचा. गुंडाळीतली सगळ्यात दणकेबाज चाल, सुतारांना ती हवी. पण ते २५ ऑक्टोबर १४१५ च्या लढाईचं विजयगीत, नाताळशी संबंध नाही. मला नको होतं, मतदानात हरले. मग निदान मध्यंतराआधी घ्या म्हटलं, ते झालं.

१८ नोव्हेंबर

सुतार आजारी, खोकला. पाच जणांत काय उभं राहतं ते आज कळलं, आणि ते बरंच निघालं. दोन आवाजांची कॅरोल पाच जणांत उत्तम होतात. तीन आवाजांच्या ध्रुवपदांत मी सुतारांचा भाग वरच्या सप्तकात घेऊन पाहिला, वाईट लागलं. खालचा आवाज मधल्याच्या वर गेला की पंचमाचा चौथा होतो आणि सगळं तरंगतं. त्यापेक्षा ध्रुवपदही दोनच आवाजांत म्हणा.

गाण्यांच्या मधे वाचायला काय घ्यायचं हेही आज ठरलं. मी फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' सुचवलं. हा विल्टशायरचा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात पोचला आणि त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत रचली, १६१६ मध्ये राशोलला ती रोमन लिपीत छापली गेली. आमच्या १५०० च्या नियमात बसत नाही, हे सरांनी लगेच दाखवून दिलं. पण गायचं नाही, नुसतं वाचायचं, म्हणून सूट मिळाली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात काढलेली देवनागरी आवृत्ती समोर ठेवून येशूजन्माच्या ओव्यांतून सात निवडल्या. भावार्थ ग्रंथपाल इंग्रजीत सांगतील.

२९ नोव्हेंबर

चर्च पाहिलं. हे महिनाभर आधी करायला हवं होतं. हॉलमध्ये स्वर तोंडातून निघाला की संपतो. इथे दगडी भिंतींतून तो दोन-अडीच सेकंद फिरत राहतो. आमची फेराची लय इथे चिखल झाली. थोडी उतरवावी लागली, पण खरा उपाय लयीत नव्हता, व्यंजनांत होता. शब्दांची टोकं कुरकुरीत ठेवली आणि स्वर जरा आखूड सोडले की घुमणं मदतीला येतं. उभं राहण्याची जागाही बदलली. वेदीजवळ आम्हीच एकमेकांना ऐकू येईना. खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत, घोड्याच्या नालेसारखं, एकमेकांना दिसेल असं उभं राहिलो तेव्हा जमलं.

मेणबत्त्यांना विम्यामुळे परवानगी नाही. पानं वाचायला क्लिपचे छोटे दिवे सहा, ५४ पौंड. पिवळ्या प्रकाशाचेच घ्या, पांढऱ्यात सगळे आजारी दिसतात. थंडी भयंकर. हीटरचा पंखा इतका घरघरतो की गाताना बंदच ठेवावा लागणार. दोन तास आधी लावून ठेवायचा असं तिथल्या व्यवस्थापकांशी बोलून ठरवलं.

२ डिसेंबर

'एदी बेओ थू' शेवटच्या कडव्यापर्यंत जवळजवळ अर्धा स्वर उतरतं. नर्स आणि ग्रंथपाल दोघी एकमेकींशी अगदी जुळलेल्या, म्हणून त्यांना पत्ताच लागत नाही, फोर्क लावल्यावर कळतं. दोन कारणं सापडली. खाली येताना स्वरांमधलं अंतर जरा मोठं घेतलं जातं आणि वर चढताना तेवढं भरून येत नाही. आणि प्रत्येक गोड तिसऱ्या अंतरापाशी एक जण दुसरीसाठी किंचित सरकते, सरकलेली परत येत नाही. उपाय : दोन्ही आवाज जिथे एकाच स्वरावर भेटतात त्या जागा पानावर गोल करून ठेवल्या. तिथे थोडं थांबून 'सुरुवातीचा सा हाच का?' असं मनात विचारायचं. शिवाय आठऐवजी पाच कडवी. ग्रिमस्टनच्या वहीत 'यूल्स नाइट'ची कडवी तीसहून जास्त आहेत, त्यातली सहा घेतली. लांबीपुढे निष्ठा नको.

९ डिसेंबर

क्रम लावला, मधे मधे निवेदन. एकामागून एक तीन कॅरोल घेतली तर श्रोत्यांना ती एकच वाटतात. म्हणून दोन कॅरोल, मग एकट्याचं काहीतरी, मग वाचन. पानं काळ्या फायलींत घातली, कारण सुटा कागद या घुमणाऱ्या जागेत उलटताना पत्रा वाजल्यासारखा ऐकू येतो.

१३ डिसेंबर

झालं. ऐंशीच्या आसपास लोक, अर्धे गावातलेच. दोन तास आधी लावलेला हीटर मध्यंतरापर्यंत पुरला, नंतर आमच्या तोंडातून वाफा. 'पुएर नातुस'ची पट्टी फोर्कवरून नीट मिळाली पण थंडीत सगळ्यांचे गळे जड, पहिला पंचम घसरत लागला आणि ओळीभराने सावरला. 'नोवेल सिंग वी'मध्ये विद्यार्थी तिसऱ्या कडव्याचे शब्द विसरला. भूगोल सरांनी थेट ध्रुवपद उचललं, सगळे त्यात आले, कुणाला कळलं नाही. या गाण्यांची बांधणी अशा वेळी खरंच माणसाला वाचवते. 'देअर इज नो रोझ' सगळ्यात चांगलं झालं, आणि ते सगळ्यात कमी तालीम झालेलं होतं. ओव्यांना लोक इतके शांत बसले की मी एक ओवी ठरल्यापेक्षा जास्त वाचली. नंतर एका आजोबांनी विचारलं, विल्टशायरचा माणूस तिकडे कशाला गेला? आणि हो, 'गाउदेते' मागितलंच. म्हटलं.

१६ डिसेंबर

हिशेब. तालमीचा हॉल तासाला १२ पौंड, म्हणजे माणशी दर वेळी ४, ते ज्याचे त्याने. बाकी खर्च : चर्चला १२०, छपाई आणि पत्रकं ३८, दिवे ५४, फोर्क ८, एकूण २२०. तिकीट ठेवलं नव्हतं. दारातल्या टोपलीत ३४६ पौंड जमले. उरलेले १२६ पुढच्या वेळेसाठी ठेवले. सगळ्यात महाग पडला तो टंकण्याचा वेळ, दोनदा केल्यामुळे. आजच्या संगीतकाराने केलेली मांडणी एकही घेतली नव्हती, त्यामुळे हक्कशुल्काचा प्रश्न आला नाही.

एक गोष्ट पुढच्यांनी आधीच लक्षात घ्यावी : डिसेंबरच्या मधल्या शनिवारी या शहरात जिथे तिथे कॅरोलचा कार्यक्रम असतो, चर्च मिळत नाहीत आणि श्रोते वाटले जातात. मध्ययुगात हा काळ उपवासाचा होता, सण सुरू व्हायचा २४ च्या संध्याकाळी आणि चालायचा ६ जानेवारीपर्यंत. गुंडाळीतही २६ डिसेंबरच्या सेंट स्टीफनचं आणि २७ च्या सेंट जॉनचं कॅरोल आहे, जी आम्ही या वेळी सोडली. तेव्हा ३ जानेवारीला त्याच चर्चमध्ये दुसरा, छोटा कार्यक्रम. त्या आठवड्यात कुणालाच चर्च नको असतं, म्हणून भाडं निम्मं. सुतारांना त्या दिवशी जमणार नाही, खर्जाचा माणूस शोधतो आहोत. नाही मिळाला तर दोन आवाजांचंच घेऊ.